पहिल्या चोरीनंतरचे पंधरा दिवस

वाकोल्यातला एखादा पोरगा मोबाइल खेचताना किंवा दुसऱ्याची बाइक ढकलत नेताना सापडला, की संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचते ती एवढीच: ‘डोंगरीला टाकला.’ कोणी टाकला, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे कोणी विचारत नाही. आईला मात्र विचारावंच लागतं. हातातली कामं सोडून ती शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालते, सांताक्रूझला हार्बरची सीएसएमटी गाडी धरते, सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावरून जिने उतरते आणि विचारत विचारत उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या भिंतीपाशी पोचते. तिच्या मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवणारी माणसं कोण, कायद्याने त्यांच्या हाती काय दिलंय, त्यातलं ती काय वापरतात आणि काय वापरायचं राहून जातं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

न्यायालय बालगुन्हेगारी कशी रोखणार, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. न्यायालयाचं दार गुन्हा घडून गेल्यावरच उघडतं. पहिली चोरी, पहिली मारामारी टाळायची तर ते काम घराचं, शाळेचं, गल्लीतल्या मंडळाचं. पण पहिल्या चुकीनंतर मुलगा कोणाच्या संगतीत पडतो, वर्गात परततो की कोणाचा तरी पंटर होतो, हे बऱ्याच अंशी न्यायासनापुढे ठरतं. न्यायालयाचा वाटा आहे तो इथे, दुसरा गुन्हा होऊ न देण्यात. आणि तो साधतो शिक्षेच्या धाकाने कमी, वेळेवर घातलेल्या लक्षाने जास्त. पुढची सगळी पानं या एका म्हणण्याभोवती आहेत.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीन आरोपींविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्याआधीच्या वर्षी ३१,१७०. २०२२ मधले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर होते. म्हणजे दोनशे गुन्ह्यांत एखादा अल्पवयीनाचा. ताब्यात घेतलेल्यांत बहुसंख्य मुलं १६ ते १८ वयाची, आणि बहुसंख्य आई-वडिलांबरोबर राहणारी. बेघर, अनाथ, रेल्वेच्या फलाटावर वाढलेला पोर हे चित्रपटांनी आपल्या मनात पक्कं केलेलं चित्र या आकड्यांशी जुळत नाही. हा मुलगा घरातलाच आहे. रात्री जेवायला घरी येणारा.

वाकोल्याचं नाव इथे घेतलं म्हणून कोणी ती बदनाम वस्ती समजू नये. सांताक्रूझ पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि कलिना यांच्या मधला हा पट्टा मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी पट्ट्यांसारखाच आहे: बैठ्या चाळी, पुनर्वसनाच्या इमारती, जुनी ख्रिस्ती घरं, नाल्याला लागून उभी राहिलेली वस्ती, आणि थोड्याच अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. तो नाला पुढे मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ ला मिठीकाठच्या घराघरांतून पाणी गेलं तेव्हा भांडीकुंडी गेली तशीच जन्माची आणि शाळेची कागदपत्रंही गेली. बालन्यायाच्या कामात हा तपशील किरकोळ नाही. मुलगा अठरा वर्षांखालचा आहे की नाही, हे कायद्यानुसार आधी शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यावरून किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरून ठरतं, ते नसेल तर महापालिकेच्या जन्मदाखल्यावरून, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. पिशवीतल्या त्या एका कागदावर मुलगा उमरखाडीला जाणार की मोठ्यांच्या कोठडीत, हे अवलंबून असतं.

उमरखाडीच्या त्या तुरुंगाला मराठी वाचक वेगळ्या नात्याने ओळखतो. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्याने केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर इथेच १०१ दिवस होते. दोघंही तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. पुढे कैदी गेले आणि तीच जागा निरीक्षणगृह म्हणून मुलांच्या वाट्याला आली, गल्लीच्या तोंडी ‘डोंगरी’ ती हीच. एखाद्या राज्याने आपली चुकलेली मुलं कुठे ठेवायची ठरवली, तर ती जुन्या कारागृहात, हे वाचताना खटकतं आणि खटकायलाच हवं. भिंती काय होत्या हे मुलांना सांगावं लागत नाही, त्यांना ते दिसतं.

तरी मुंबईचा या बाबतीतला इतिहास देशात सगळ्यात जुना म्हणावा असा आहे. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने भटक्या किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अशा मुलांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारगृहांचे कायदे आले. मुलगा म्हणजे छोट्या आकाराचा गुन्हेगार नव्हे, ही समजूत कायद्यात हळूहळू शिरत होती, पण न्यायाधीश मात्र तेच होते आणि न्यायालयही तेच.

स्वतंत्र बालन्यायालय ही कल्पना अमेरिकेत शिकागोला १८९९ मध्ये प्रत्यक्षात आली, आणि ती आणणाऱ्यांत जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या सेवाकेंद्रातल्या कार्यकर्त्या स्त्रियांचा मोठा वाटा होता. इकडे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना तुरुंगात ठेवू नये, त्यांच्यासाठी वेगळी न्यायव्यवस्था हवी, असं सांगितलं. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबईत तो कागदावर राहिला नाही. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली, बालन्यायालय आणि रिमांड होम सुरू झालं. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांना बालगुन्हेगारीच्या प्रश्नात खास रस होता. न्यायाधीशाच्या शेजारी समाजकार्यकर्ता बसला पाहिजे, ही आजच्या कायद्यातली कल्पना मुंबईला तेव्हापासून परिचित आहे.

आता आजचं चित्र. २०१५ चा बालन्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्याखालचे नियम २०१८ मध्ये केले. मुलगा पोलिसांच्या हाती लागतो तिथून या कायद्याचं काम सुरू होतं, आणि बारकाईने वाचलं तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक तरतुदीत एकच काळजी दिसते: या मुलाची मोठ्या गुन्हेगारांशी गाठ पडू देऊ नका. त्याला कोठडीत ठेवायचं नाही. बेड्या घालायच्या नाहीत. त्याच्याशी बोलणाऱ्या पोलिसाने साध्या कपड्यांत असावं. पालकांना लगेच कळवायचं. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि बरोबर कोणी सज्ञान आरोपी नसेल, तर केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. वाकोला, सहार, निर्मलनगर, कुठल्याही पोलीस ठाण्यात ड्युटीवरच्या माणसाला हे माहीत असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. माहीत नसेल तर काय होतं, हे वस्त्यांतून काम करणाऱ्या कोणालाही विचारावं.

मंडळ म्हणजे न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री. बसण्याची जागा कशी असावी हेही नियमांत आहे. उंच चौथरा नको, आरोपीचा पिंजरा नको, मुलगा आणि मंडळ यांच्यामध्ये कठडा नको. हे वाचून कोणाला हळवेपणा वाटेल. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून खरं काढायचं असेल तर त्याला समोर बसवून, डोळ्यांत पाहून विचारावं लागतं. मान खाली घालून ‘हो साहेब, चूक झाली साहेब’ म्हणणारा मुलगा त्या वेळी काहीच सांगत नसतो.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा मात्र एका कागदात आहे: सामाजिक तपासणी अहवाल. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) तो मंडळाला द्यायचा असतो. त्याचा नमुना पाहिला की या कायद्याचं मन कळतं. घरात किती माणसं, खोल्या किती, कमावतं कोण. वडिलांना व्यसन आहे का. घरात मारहाण होते का. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली. मित्र आपल्या वयाचे की मोठे. मुलगा पूर्वी कामाला होता का, तिथे वागणूक कशी होती, पैसे कोण घेत होतं. नशा करतो का, कोणती, कोणी लावली. शेजारी काय म्हणतात. गुन्ह्याचा प्रश्न त्या यादीत आहेच, पण तो या सगळ्या प्रश्नांच्या गर्दीत.

समजा, वाकोल्यातला एक मुलगा बाइकचोरीत सापडला. फिर्याद सांगते: अमुक रात्री, अमुक ठिकाणाहून, अमुक नंबरची गाडी. अहवाल लिहिणारा अधिकारी खरोखर घरी गेला, तर त्याला दुसरंच दिसतं. मुलगा नववीत नापास झाला आणि शाळेत परत गेलाच नाही. वडिलांची रिक्षा कर्जात गेली, तेव्हापासून ते घरीच. मुलगा सकाळी दुधाच्या पिशव्या टाकतो आणि दुपार नाक्यावर काढतो. नाक्यावर पंचविशीतला एक जण त्याला वडापाव आणि सिगारेट देतो. गाडी त्यानेच हेरलेली, कुलूप त्यानेच तोडलेलं. मुलाने फक्त ती ढकलत नेली, कारण पकडला गेला तर ‘अठराच्या आतला आहे, सुटशील’ असं त्याला सांगून ठेवलेलं. फिर्याद वाचली तर मुलगा चोर आहे. अहवाल वाचला तर मुलगा वापरला गेलाय, आणि उद्या पुन्हा वापरला जाणार आहे.

इथे मंडळ काय करतं यावर सगळं आहे. नुसती समज देऊन सोडलं तर मुलगा त्याच नाक्यावर परततो. महिनोन्महिने निरीक्षणगृहात ठेवलं तर तिथे त्याला आणखी चार नाक्यांची माणसं भेटतात. या दोन्हींच्या मध्ये कायद्याने कितीतरी वाटा ठेवल्या आहेत: समुपदेशन, समाजसेवेचं काम, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी ठेवणं, शाळेत किंवा धंदेशिक्षणाला घालण्याची अट, व्यसनमुक्तीचे उपचार. खास गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि कायदा तसं स्पष्ट म्हणतो. पंचविशीतल्या त्या माणसासाठीही तरतूद आहे. मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या सज्ञानाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून किंवा वाहून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. बालगुन्हेगारी रोखण्याचा याहून सरळ उपाय दुसरा नाही, आणि तपासात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही याकडेच. मुलगा हाती लागला की प्रकरण ‘उघडकीस आलं’, असं मानून फाइल मिटते. मंडळाने विचारायला हवं: याला पाठवलं कोणी?

जामिनाबद्दल लोकांत बराच गैरसमज आहे. बालन्याय कायद्यात जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायचा तर तीनच कारणं: मुलगा सुटून सराईत गुन्हेगारांच्या हाती पडेल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका निर्माण होईल, किंवा सोडण्याने न्यायाचा हेतूच हरेल. तिन्ही कारणांची तपासणी करायची तर मुलाबद्दल माहिती हवी, आणि ती माहिती सामाजिक अहवालातूनच येते. फिरून फिरून गाडी त्या पंधरा दिवसांवर येते ती अशी.

आता थोडं मागे, कारण या विषयात न्यायालयांनी जे मोठं काम केलं त्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतच सुरू होतो. शीला बर्से या मुक्त पत्रकार. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, आणि १९८३ मध्ये त्यावर महत्त्वाचा निकाल आला. पुढे त्या मुलांच्या प्रश्नाकडे वळल्या. देशभरातल्या तुरुंगांत किती मुलं ठेवली आहेत हे राज्याराज्यांत फिरून त्यांनी शोधायला घेतलं. १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मुलांना तुरुंगात ठेवू नका, मुलांच्या प्रकरणांचा तपास आणि निवाडा ठरावीक महिन्यांत संपवा, आणि दंडाधिकाऱ्यांनी स्वतः तुरुंगांत जाऊन पाहावं. त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी एकच बालन्याय कायदा केला.

बर्से यांचं दुसरं प्रकरण तर थेट मुंबई उपनगरातलं. चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या मानखुर्दमधल्या नव्या निरीक्षणगृहात मुलं विनाकारण अडकून पडतात, घरी पोचवायला उशीर होतो, ताब्यात घेताना कोणी नीट विचार करत नाही, अशी तक्रार त्यांनी पत्राने मुंबई उच्च न्यायालयाकडे केली. न्यायालयाने पत्राचीच याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला. त्यातली एक गोष्ट इतक्या वर्षांनीही ताजी आहे: बालन्यायालयाचं काम हे विशेष प्रकारचं आहे, तिथे बसणाऱ्याला मुलांच्या मनाची जाण आणि प्रशिक्षण हवं, कोणालाही बदलीने आणून बसवण्याची ही जागा नाही. मुलांकडून काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्या, हेही न्यायालयाने सांगितलं. एका पत्रकार बाईच्या पत्रामुळे चिल्ड्रन्स एड सोसायटीसारख्या जुन्या, सरकारच्या जवळच्या संस्थेला जाब द्यावा लागला. न्यायालय बालगुन्हेगारी रोखतं ते असंही. मुलाला घडवण्यासाठी बांधलेली जागा त्याला बिघडवू लागली, तर तिच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार न्यायालयाकडेच असतो.

हे काम तेव्हा संपलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. मंडळांतल्या रिकाम्या जागा भरा, परिविक्षा अधिकारी नेमा, निरीक्षणगृहांची नियमित पाहणी करा, आणि प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या अंमलबजावणीवर स्वतःहून लक्ष ठेवावं, असा त्याचा रोख आहे. १९८६ आणि २०१८ चे निकाल शेजारी ठेवून वाचले, की कायदा किती पुढे गेला आणि कर्मचाऱ्यांची भरती किती मागे राहिली ते कळतं.

मराठी वाचकाच्या मनात मात्र बालन्याय म्हटलं की पुणे येतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला उडवलं, दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी, रविवारी, जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र पेटला, आणि तो राग समजण्याजोगा होता. तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. पुढे राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केलं. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. मुलाला सज्ञान मानून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

या प्रकरणातून बहुतेकांनी काढलेला निष्कर्ष असा की कायदाच मवाळ आहे. तो पटत नाही. जामीन देणं कायद्याला धरून होतं. निबंधाची अट ही उणीव नव्हती. उणीव होती ती मुलाची आणि त्याच्या घराची कसलीही खरी माहिती समोर नसताना काही तासांत निकाल लावण्यात. सतरा वर्षांच्या मुलाला गाडी कोणी दिली, दारू कोणी दिली, घरात त्याला कधी कोणी नाही म्हटलं होतं का, हे प्रश्न पंधरा दिवसांच्या तपासणीचे होते. अल्पवयीनाला दारू देणाऱ्यावर कारवाई करण्याची तरतूद याच कायद्यात आहे, आणि वडिलांवर व बारचालकांवर तसे गुन्हे नोंदवलेही गेले. आणखी एक गोष्ट बोलायला हवी. वाकोल्याच्या मुलाला त्याच कायद्याखाली तोच जामीन मिळायला हवा असतो, पण त्याच्याकडे रविवारी धावून येणारा वकील नसतो, म्हणून तो आतच राहतो. राग यायचा तर या तफावतीचा यावा.

सज्ञान मानायचं की नाही, हा वाद २०१२ च्या डिसेंबरमधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर पेटला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयाची अट खाली आणायला नकार दिला होता. पण त्याच वर्षी २२ ऑगस्टला महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये एका छायापत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या आणि त्याच ठिकाणच्या आधीच्या प्रकरणात एकेक आरोपी अल्पवयीन होता. जुलै २०१५ मध्ये मंडळाने दोघांना दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकला पाठवलं. अशा गुन्ह्यांना एवढी शिक्षा पुरेशी नाही असं ज्यांना आधीपासून वाटत होतं, त्यांच्या भावनेतूनच २०१५ चा कायदा आकाराला आला. त्याने १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासून प्रकरण सज्ञानासारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयात पाठवण्याचा अधिकार मंडळाला दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही, तो अतिगंभीर गटात येत नाही. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की मुलाच्या मनाची ही तपासणी नाजूक काम आहे, तिला तज्ज्ञांची मदत आणि नीट मार्गदर्शक तत्त्वं हवीत.

या तरतुदीवर पुढे एक प्रकरण आहे, म्हणून इथे विस्तार नको. एवढं लक्षात ठेवावं की ती मोजक्या प्रकरणांना लागू होते. मंडळापुढे येणारा नेहमीचा मुलगा चोरीचा, मारामारीचा असतो. सगळी चर्चा त्या मोजक्यांभोवती फिरते आणि नेहमीचा मुलगा विसरला जातो.

तो विसरला जातो तारखांमध्ये. चौकशी चार महिन्यांत संपवावी, फार तर दोन महिने वाढवून मिळतील; किरकोळ गुन्हा असेल आणि तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात इंडिया जस्टिस रिपोर्टने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६२ मंडळांपुढच्या सुमारे एक लाख प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक प्रलंबित आढळली. मोठ्या माणसाचं एक वर्ष आणि सोळा वर्षांच्या मुलाचं एक वर्ष सारखं नसतं. एका वर्षात दहावीची परीक्षा हुकते, आयटीआयचा प्रवेश हुकतो, आईची दर तारखेला एक दिवसाची मजुरी जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर मुलगा यायचा बंद होतो. मग त्याच्यावर वॉरंट. परिविक्षा अधिकाऱ्यांचीही तीच गत. हाताखाली इतकी मुलं असतात की घरी जाण्याऐवजी निरीक्षणगृहातच आईला दोन प्रश्न विचारून अहवाल भरला जातो, आणि ‘घरची आर्थिक परिस्थिती बेताची, मुलगा कुसंगतीत’ ही एकच ओळ नाव बदलून सगळीकडे येते. ज्या कागदावर कायद्याने एवढी भिस्त ठेवली, तो असा लिहिला गेला तर मंडळावर तीन नव्हे, तेरा माणसं बसवूनही उपयोग नाही.

दुसरीकडे काय करतात हे पाहण्यासारखं आहे. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अशा प्रकरणांत कुटुंबाची बैठक आणली. माओरी समाजाच्या पद्धतीतून आलेली ही रीत: मुलगा, त्याचे आई-बाप, काका-मामा, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि पोलीस एकत्र बसतात आणि भरपाई कशी करायची, मुलावर लक्ष कोण ठेवणार, हे ठरवतात. आपल्याकडे मावशी, आत्या, गावाकडचे चुलते, चाळीतले काका या सगळ्यांचं मुलावर वजन असतं. तारखेला मात्र फक्त आईला बोलावलं जातं. मंडळाला हवं तर समुपदेशनाच्या अटीत हे सगळे बसवता येतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

या पुस्तकात पुढे पोलीस ठाण्यापासून परिविक्षेपर्यंतचा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने येईल. ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावंच, पण ते आधी लिहिलंय वस्तीतल्या बालवाडीताईसाठी, महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी, गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यासाठी, म्हणजे ज्यांच्या दारात अशी आई पहिल्यांदा येते त्यांच्यासाठी. तिला लगेच सांगता येतील अशा काही गोष्टी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं हा गुन्हा आहे, मग ते वर्तमानपत्र असो की गल्लीचा व्हॉट्सॲप गट. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि ती आजही लागते. परिविक्षा अधिकारी घरी येईल तेव्हा काही लपवू नये. वडिलांचं पिणं, घरातली भांडणं, नाक्यावरचा तो माणूस, सगळं सांगावं, कारण त्यावरूनच मुलाच्या बाजूचा आदेश निघतो.

आणि प्रकरण मिटल्यावर एक काम उरतं, ते बहुतेक घरांत राहून जातं. बालन्याय कायद्याखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्या कारणाने पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि सज्ञानासारखा खटला चालून दोषी ठरलेली मुलं सोडली तर अपिलाची मुदत उलटल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय पोलीस दलातल्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल देताना हीच भूमिका घेतली: अल्पवयात घडलेल्या गोष्टीवरून नोकरी नाकारता येत नाही. वाकोल्याच्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलात सुरक्षारक्षकाची, घरपोच सेवेची किंवा ऑफिसबॉयची नोकरी मिळू लागते तेव्हा कंपनी पोलीस पडताळणी मागते, आणि जुनी नोंद ठाण्याच्या वहीत तशीच असेल तर दाखला अडतो. म्हणून अंतिम आदेशाची प्रत आईने त्याच दिवशी मागून घ्यावी, दाखल्यांच्या पिशवीत ठेवावी, मुदत संपल्यावर नोंद नष्ट करण्यासाठी मंडळाकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोचपावती घ्यावी. अर्जाचा मसुदा शेवटच्या प्रकरणात दिला आहे.